धारगळच्या वासुभाऊंची चौकशी

देशाच्या संरक्षणाशी निगडित अशी एक गंभीर घोषणा करायला मी आज आपल्यापुढे उभा आहे. सर्वांनी सावध व्हावं. तर, आमच्या धारगळच्या वासुभाऊंना खोटं बोलता येत नाही!

हसू नका. शेजारी राहून बघा. हमरस्त्यावर त्यांचा फळांचा गाडा. पर्यटक गाडी थांबवून अननसाला हात लावतो, तर हे त्याला अडवून म्हणतात, "तो नाका, आंबट आसा. फुडल्या गाड्यार बरो मेळटा." एकदा मये गावच्या एका स्थळासाठी मध्यस्थ म्हणून गेले आणि मुलाचं कौतुक करता करता, तो झोपेत ओरडतो हेही सांगून आले. स्थळ मोडलं. मुलाची आई भांडायला आली, तर हे शांतपणे म्हणाले, "वयनी, लिपोवन कितें करूं?" लपवून काय करू! हे त्यांचं ब्रीदच.

अशा माणसाच्या मुलीची, शर्वरीची, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली. नेमणुकीआधी घरच्यांची चौकशी होणार होती, आणि घरातला एक जण परदेशी होता: वासुभाऊंचा मुलगा प्रसाद. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्या आधारावर प्रसादने पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि इंग्लंडात एका गोदामात कामाला लागला. आमच्याकडे यात नवल नाही. घरटी एक लिस्बनवाला निघतोच.

वाड्याने, म्हणजे अख्ख्या वस्तीने, सल्ले दिले. "प्रसादचं नावच काढू नका!" "चुलतभाऊ म्हणा!" शर्वरी मात्र बापाचीच लेक. म्हणाली, "दादा बाहेर आहे म्हणून नोकरी जाईलच असं नाही. लपवलं तर मात्र जाईलच."

अधिकारी आले. शेजारी म्हणून मीही हजर. वासुभाऊंनी पावाची नि भाजीची बशी पुढे केली. "पोयी आयची, भाजी कालची." साहेब हसले. भाजी मात्र त्यांनी तशीच ठेवली.

"मुलगा परदेशी नागरिक?"

"हय, सायबा."

"आणखी कोणी?"

वासुभाऊ बोटांवर अख्ख्या वाड्याचे लिस्बनवाले मोजू लागले. माझ्या मेव्हण्यापर्यंत आले तेव्हा मी जोरात खोकलो.

"फक्त घरचे सांगा," साहेब म्हणाले. "मुलाशी बोलणं होतं का?"

वासुभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाता तर! दर आयतारा फोन करता. जेवलां काय, गुळयो घेतल्यो काय, सगळें विचारता."

मी चाट! आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिकडे फोन वाजला की इकडे कळतं. त्यांची बायको गेल्यापासून तो रविवारी एकदाही वाजलेला नाही. तरी रविवारी वासुभाऊ गाडा लावत नाहीत. मांडीवर फोन घेऊन सोप्यावर बसून राहतात. कोणी हाक मारली तर हातानेच गप्प करतात. आणि हा माणूस आज थाप मारत होता, तीही मुलीच्याच गळ्याशी येणारी!

साहेब लिहू लागले. शर्वरीचा चेहरा उतरला, पण ती पुढे झाली.

"साहेब, तसं नाही. आई गेल्यापासून दादाचा फोन नाही. आम्ही केला तर उचलत नाही." मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, खरं ते सांगा ना."

वासुभाऊंनी मान खाली घातली. "ना, सायबा. करिना तो फोन."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. माणूस भला होता, त्यांना धीर द्यायचा होता. म्हणाले, "मुलीने खरं सांगितलं, आता काळजी नको. आणि भावाशी संपर्कच नाही, म्हणजे तिच्यासाठी तर बरंच झालं!"

त्यावर वासुभाऊ एकदम ओरडले,

"बरें? ह्यांत बरें कितें, सायबा?"