हिल्काचा खड्डा

हिल्काने सॉसेजं उलटली आणि अंगणाकडे पाठ करूनच उभी राहिली. दोन वर्षं सोसायटीच्या बैठकांत बोलून ती इतकी दमली होती, की सफाईच्या दिवशी तिने मुद्दाम शेगडीजवळचं काम मागून घेतलं होतं. लाहती शहरात बर्फ वितळला की प्रत्येक सोसायटीत हा दिवस येतो. सगळे मिळून झाडतात, कुणी फारसं बोलत नाही आणि शेवटी सॉसेजं खातात.

बैठकांत ती एकाच गोष्टीवर बोलली होती. गाड्या उभ्या राहतात तिथलं पावसाचं पाणी तेल आणि टायरची धूळ घेऊन थेट तळ्यात जात होतं. ते गाळून सोडा, असं नगरपालिकेने बजावलं होतं. जमिनीखाली काँक्रीटची टाकी बसवायची, तर पैसे त्यातच गेले असते आणि सगळ्यांच्या सामायिक सॉनाची, म्हणजे भट्टी तापवून घाम काढत बसायच्या खोलीची, दुरुस्ती पुन्हा लांबणीवर पडली असती. हिल्काचं सगळं आयुष्य प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात गेलं होतं. तिने स्वस्त उपाय सुचवला: उथळ खड्डा, त्यात वाळूचा जाड थर, वर लव्हाळं. पाणी सावकाश मुरेल, घाण वाळूत अडकेल. सॉना वाचतो म्हटल्यावर सगळे हात वर गेले. आता सोमवारी तपासणी होती.

"झालं," झाडूवर रेलत अध्यक्ष उर्पो म्हणाला. "घसरू नये म्हणून हिवाळाभर बर्फावर टाकलेली खडी सगळी उचलली. अंगणात कण सापडायचा नाही."

"ट्रक तर आला नाही. टाकलीत कुठे?"

"तुझ्या खड्ड्यात."

हिल्काचा चिमटा हवेतच राहिला.

"अगं, त्यासाठीच खणलास ना? मी म्हटलं, बाई लांबचं बघणारी आहे."

"आणि ते गवत मी उपटलं," तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या रायलीने सांगितलं. "सगळं अंगण नीटनेटकं नि मधेच ते पिंजारलेलं. बरं दिसेना."

हिल्काने आवाज न चढवता समजावलं. खडीतली भुकटी पावसात भिजली की लापशीसारखी बसते. मग पाणी मुरत नाही, तुंबतं. तुंबलं की टाकी.

"आणि सॉना?" रायलीने विचारलं.

हिल्काने चिमटा खड्ड्याकडे रोखला. सगळ्यांनी मुकाट्याने फावडी उचलली.

ती शेगडीपाशीच थांबली. सॉसेजं करपत होती. सगळ्यांचं खाणं उरकून ती बघायला गेली, तेव्हा खड्डा स्वच्छ होता. नको इतका स्वच्छ.

"खडी कुठे संपते नि तुझी वाळू कुठे सुरू होते, कळेना," उर्पो म्हणाला. "म्हणून सगळंच काढलं."

सोमवारी तपासणीस बाईंनी खड्ड्यात बादली ओतली. तळाशी नुसते गोटे होते आणि तळ्याकडे जाणारा पाइप. पाणी बघता बघता नाहीसं झालं.

"वा," बाई म्हणाल्या. "इतक्या झटपट मुरणारा खड्डा मी अजून पाहिला नव्हता."

उर्पोने हिल्काकडे पाहिलं. आयुष्यात त्याने कुणाकडे इतक्या विनवणीने पाहिलं नसेल.

"मुरत नाहीये," हिल्का म्हणाली. "नुसतं जातंय. वाळू आम्ही काढून टाकलीय."

उर्पोने डोळे मिटले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बरं झालं सांगितलंत. एरवी मला गुडघे टेकून हात घालून बघावं लागतं. शुक्रवारपर्यंत वाळू परत भरा, लव्हाळं लावा. मग टाकी नको. वाळू आहे ना?"

"आहे," उर्पो म्हणाला. "कोरडी आहे. छपराखाली आहे."

वाळू सॉनात होती. सॉना दुरुस्तीसाठी बंदच, जागाही रिकामी, म्हणून सगळ्यांनी खडी-वाळू तिथेच नेऊन ओतली होती. ढीग खालच्या बाकापर्यंत आला होता आणि शनिवारी गवंडी यायचे होते.

त्या संध्याकाळपासून सगळी सोसायटी सॉनाच्या बाकांवर ओळीने बसून चाळण्या हलवू लागली. सॉनात कपडे घालून बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. कपाळावरची धूळ ओघळत होती.

"भट्टी बंद आहे," बऱ्याच वेळाने रायली म्हणाली, "तरी घाम कसा झकास येतोय. मग दुरुस्ती हवीच कशाला?"

उर्पोची चाळणी थांबली. तो भट्टीकडे बघत राहिला. मग छताकडे. हिशेबी माणूस विचारात पडला, की तो असाच दिसतो.

इतक्या दिवसांत हिल्काचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"उर्पो. चाळ."