अंगठीनं हात बदलला

साठी उलटल्यावर माणसानं अंगठी या हातातून काढून त्या हातात घालू नये, हे एव्हेलियो ग्राहालेसला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. (ऐकून घेणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं. त्याचे वडील डॉक्टरचंही ऐकत नसत, आणि म्हणूनच नव्वदीपर्यंत टिकले, असं तो सांगे.)

अंगठी लग्नाची. कोलंबियातल्या मानिसालेस गावात नूबियाबरोबर त्यानं एकेचाळीस वर्षं संसार केला, आणि तिकडच्या रीतीप्रमाणं अंगठी उजव्या हातात घातली. मग नूबिया गेली. त्यांची लेक यामिले लग्न करून ब्राझीलमध्ये बेलो होरिझोन्तेला राहत होती, ती बापाला आपल्याकडे घेऊन आली. तेव्हापासून दोन वर्षं एव्हेलियो तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होता आणि दिसेल त्याला नावं ठेवत होता.

या कामात त्याला तोडीस तोड भेटली ती दुसऱ्या मजल्यावरची दोना नेऊझा, म्हणजे नेऊझाबाई. तीही एकटीच, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शिवणकाम करणारी. रोज सकाळी दोघं खाली बाकावर बसत आणि दोन देशांची उणीदुणी काढत. तिनं थर्मासमधली कॉफी ओतली की हा म्हणे, ही कॉफी नव्हे, साखरेचा पाक आहे. ती विचारी, मग तिसरा कप कशाला मागताय? हा सांगे, आमच्याकडे मुलगा सहा महिने मुलीच्या आईसमोर ताठ बसतो, तेव्हा कुठं तिचा हात धरायला मिळतो. ती सांगे, आमच्याकडे आधी मुके होतात, नावं मग विचारतात. तुमच्या सहा महिन्यांत आमची तीन प्रेमं होऊन मोडतातसुद्धा. मानिसालेसची डोंगरातली हवा चांगली असणार, हे तिनं मान्य केलं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथं सरकारी दवाखान्यात फुकट झालं, हे त्यालाही मान्य करावं लागलं. (केलं, पण रांग लांब होती हे तीनदा ऐकवून.) भांडता भांडता दोन वर्षं गेली. मग एकदा ती चार दिवस भावाकडे गेली, तर याला घास गिळवेना.

नूबियाच्या पुण्यतिथीला तो मानिसालेसला गेला. कबरीसमोर उभं राहून त्यानं सगळं कबूल करून टाकलं. आता एकट्यानं निभत नाही, बाई तोंडाची फटकळ आहे पण हसते छान, विचारू का तिला? नूबिया काही बोलली नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. त्यानं तोच होकार धरला आणि तिथंच ढसाढसा रडला.

पण अंगठी काढून खिशात टाकायचा धीर होईना. मग त्यानं मधला मार्ग काढला. उजव्या हातातली अंगठी डाव्या हातात घातली. म्हणजे नूबियाही जवळ राहिली आणि उजवा हातही मोकळा झाला; बघणाऱ्याला कळेल की गडी आता बांधलेला नाही. (एवढी अक्कल टपाल खात्यातल्या तीस वर्षांत चालवली असती, तर साहेब होऊन निवृत्त झाला असता.)

परत आल्यावर बाकावर बसताना त्यानं डावा हात मुद्दाम गुडघ्यावर ठेवला. नेऊझाचं लक्ष गेलं. कॉफी ओतता ओतता ती थांबली, आणि तिचे डोळे भरून आले. हिला कळलं, असं वाटून एव्हेलियोलाही भरून आलं. तेवढ्यात ती शिवणकाम पडलंय म्हणत उठून गेली, थर्मास तिथंच विसरून. लाजली, हा स्वतःशी म्हणाला. आठवडाभर ती बाकाकडे फिरकली नाही, तर विचार करत असेल म्हणाला. सहा महिने ताठ बसणाऱ्या मुलखाचा माणूस, त्याला कसली घाई?

शनिवारी बिल्डिंगमधल्या बायकांनी त्याला खालच्या हॉलमध्ये बोलावून घेतलं. टेबलावर कढया, तवे, गाळण्या, झारे, सगळ्यांना रिबिनी बांधलेल्या. जो तो येऊन मिठी मारत होता, अभिनंदन करत होता. कुणाचं तरी लग्न ठरलंय असं समजून यानंही सगळ्यांचं अभिनंदन केलं. शेवटी जावयानं, क्लेबेरनं, त्याला कोपऱ्यात ओढलं. (सासऱ्याला तो इथल्या रीतीनं सेउ, म्हणजे श्रीयुत, म्हणे.)

"सेउ एव्हेलियो, तुम्ही तिकडे लग्न करून आलात आणि घरात एका शब्दानं बोलला नाहीत?"

मग उलगडा झाला. इथं ब्राझीलमध्ये लग्न ठरलं की अंगठी उजव्या हातात घालतात, आणि लग्न लागलं की ती डाव्या हातात जाते. याची बायको वारलीय हे बिल्डिंगला माहीत होतं. तरी उजव्या हातात अंगठी, म्हणजे म्हातारा तिकडे दुसरी ठरवून आलाय, असं दोन वर्षं सगळे धरून चालले होते. आता तिकडे जाऊन आला आणि अंगठी डाव्या हातात. संपलं. एव्हेलियोला दरदरून घाम फुटला. जावई दोन वर्षं डाव्या हातात अंगठी घालून त्याच्यासमोर जेवत होता. (पण जावयाचा हात कोण बघतं? सासरा बघतो ते त्याच्या ताटात किती वाढलंय.)

तो कढया बाजूला सारत नेऊझाकडे निघाला. ती खिडकीपाशी उभी होती. शेजारी सेउ वाल्डेमार, निवृत्त बस ड्रायव्हर, कडक इस्त्रीच्या शर्टात, तिची पर्स धरून.

"बरं झालं, करून टाकलंत," नेऊझा म्हणाली. "खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. वाटायचं, तिकडची कंटाळेल आणि नाद सोडेल. त्या दिवशी तुमचा हात पाहिला आणि घरी जाऊन रडले. मग म्हटलं, पुरे झालं, नेऊझा. हा तीन वर्षं विचारतोय. परवा याला हो म्हणून टाकलं."

तिच्या उजव्या हातात नवीकोरी अंगठी होती. तिचा अर्थ एव्हेलियोला पाच मिनिटांपूर्वीच कळला होता.

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं. पण वाल्डेमारकडे नजर गेली. तो भला माणूस तिची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून हसत होता. त्याच्या हातातला घास काढून घेणं एव्हेलियोच्या जिवावर आलं. "माणूस चांगला आहे, सुखात राहा," एवढंच तो म्हणाला आणि वाल्डेमारच्या गळ्यात पडून रडला. नवरदेव फार हळवा आहे, असं बायका म्हणाल्या.

लेकीला आणि जावयाला त्यानं खरं काय ते सांगितलं आणि गप्प बसायला लावलं. बायको कधी येणार, असं कुणी विचारलं की कागदपत्रं अडलीत म्हणून सांगू लागला. चौथ्या दिवशी मात्र त्याला राहवेना. डाव्या हातात नूबिया परक्या घरी आल्यासारखी वाटत होती. त्यानं अंगठी काढून मुकाट्यानं पुन्हा उजव्या हातात घातली आणि खाली बाकावर जाऊन एकटाच बसला.

दुपारी नेऊझा मक्याचा केक घेऊन वर त्याच्या घरी आली. त्याच्यासमोर बसून तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"सोडून गेली?"

"गेली," एव्हेलियो म्हणाला. (यात खोटं काहीच नव्हतं.)

"आणि तरी अंगठी या हातात? परत येईल म्हणून थांबलाय?"

त्यानं मोकळ्या हातानं ताटली पुढे केली. नेऊझानं उसासा टाकला, केकचा मोठा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला आणि आहेराची भांडी परत द्यायची गरज नाही, बायकांशी बोलणं झालंय, असंही सांगितलं. मग दारापर्यंत जाऊन ती वळली.

"मनाला लावून घेऊ नका, पण दोन वर्षं थांबलेली बाई चार दिवसांत निघून जाते, म्हणजे चूक तुमचीच असणार," ती म्हणाली. "माझं नशीब म्हणायचं, मी थोडक्यात वाचले."