टर्निपचे दुर्गुण

"दोनच आठवडे," लोर्ना टिंगलीनं दारातूनच जाहीर केलं आणि हातातली दोरी सोडली. लांब कानांचं, मातकट रंगाचं, दहा महिन्यांचं कुत्र्याचं एक पिल्लू स्वयंपाकघरात शिरलं आणि थेट वेंडेलच्या बुटांवर जाऊन बसलं.

"हे काय आता?"

"टर्निप. बेवारस कुत्र्यांच्या संस्थेनं या वेतातल्या पिल्लांना भाज्यांची नावं ठेवलीत. गाजर, बीट, मुळा, सगळी गेली कुणाकुणाच्या घरी. हा टर्निप, म्हणजे सलगम, तेवढा राहिला. कायमचं घर मिळेपर्यंत आपण सांभाळायचा."

"टर्निप ताटातसुद्धा शेवटी तेच उरतं," वेंडेल म्हणाला. "सोफ्यावर चढायचं नाही, पलंगावर चढायचं नाही आणि माझ्याशी लगट करायची नाही. सांगून ठेव त्याला."

वेंडेल टिंगलीनं कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या दुकानादुकानांतून तीस वर्षं सरकारी नोकरीत वजनकाटे तपासले होते. खोटं वजन आणि खोटं बोलणं या दोन्हींचा त्याला सारखाच तिटकारा. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा तो लोर्नाला तपासू लागला. पाव कोरडा झाला की कोरडा म्हणायचा, सूप पांचट झालं की पांचट. गेल्या नाताळात चर्चच्या गाण्यात लोर्नाला एकटीला चार ओळी गायला मिळाल्या. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "दुसरी ओळ घसरली." तो आणखी काही बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तेवढ्यात घर आलं.

टर्निप येऊन आठ दिवस झाले असतील. लोर्ना कापडाच्या दुकानातलं काम आटपून घरी आली, तर कुत्रा सोफ्यावर ऐसपैस पसरलेला आणि वेंडेल खाली जमिनीवर, सोफ्याला टेकून बसलेला.

"दमलं का माझं सोनं?" तो कुत्र्याच्या कानात विचारत होता. "कुणी दमवलं माझ्या राजाला?"

लोर्ना अंगातला कोट न काढताच उभी राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला 'ए, ऐकलंस का' याच्या पलीकडे काही आलं नव्हतं. तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि संस्थेच्या ग्लेनिसला फोन केला.

"टर्निपला बघायला कोण कोण यायचंय, त्यांना लवकर पाठव," ती म्हणाली. "फार गुणी कुत्रा आहे."

माणसं येऊ लागली, पण ती यायची लोर्ना दुकानात असताना. पहिलं आलं एक कुटुंब, दोन लहान मुलींसकट. टर्निप त्यांच्यासमोर चारी पाय वर करून उताणा पडला. मुली किंचाळल्या, बापाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि वेंडेल पुढे झाला.

"दिसतो गरीब," तो म्हणाला, "पण त्याला लहान मुलं चालत नाहीत."

"अहो, तो तर तिचा हात चाटतोय!"

"चव बघतोय."

आईनं दोन्ही मुलींना मागे ओढलं आणि मंडळी निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच बोललेलं खोटं इतकं बिनबोभाट खपलं, याचं वेंडेललाच नवल वाटलं. दुसऱ्या खेपेला निवृत्त पोस्टमन आला, डोक्यावर लोकरी टोपी.

"टोपीवाला पुरुष दिसला की बिथरतो हा," वेंडेलनं सांगितलं.

पोस्टमननं वेंडेलच्या टोपीकडे पाहिलं.

"मला सहन करतो. सवयीनं."

मग एक तरुण जोडपं आलं. त्यांचं घर दुमजली निघालं, म्हणून टर्निपला जिन्याची भीती बसली. गेलेला प्रत्येकजण ग्लेनिसला कारण सांगत होता आणि ग्लेनिस इमानदारीनं ते लाल शाईनं टर्निपच्या फायलीत नोंदवत होती.

शनिवारी रात्री दोघं जेवायला बसली होती. ताटात नेहमीचे शनिवारचे गोडसर उकडलेले घेवडे. फोन वाजला.

"वेंडेल, प्रकरण तुमच्या आवाक्याबाहेरचं दिसतंय," ग्लेनिस म्हणाली. "मुलं नकोत, टोप्या नकोत, जिने नकोत. मी त्याला दुसऱ्या कुणाकडे हलवते."

"हलवायचं काही कारण नाही. आम्हीच ठेवतो त्याला. कायमचा."

त्यानं फोन ठेवला. लोर्नानं चमचा ठेवला.

"मला विचारलंस?"

"आता विचारणारच होतो."

"आणि ही मुलं, टोप्या, जिने, ही काय भानगड आहे? ग्लेनिस परवा दुकानात येऊन विचारत होती. मी वेड्यासारखी बघत बसले तिच्या तोंडाकडे."

"ती माणसं काही मला धड वाटली नाहीत."

"तू खोटं बोललास."

"थोडंसं."

"कुत्र्यासाठी," लोर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "छत्तीस वर्षांत माझ्यासाठी एकदाही बोलला नाहीस रे. एक ओळ घसरली होती. एकच! नाही घसरली म्हणाला असतास, तर काय आकाश कोसळलं असतं?"

वेंडेलनं प्रामाणिकपणे विचार केला.

"पण घसरली होती," तो म्हणाला.

बुधवारी ग्लेनिस घर तपासायला आली. काखेत फाईल होती. तिनं खुर्ची ओढली तेवढ्यात टर्निप वेंडेलची टोपी तोंडात धरून जिना धडधडत उतरला आणि तिच्या पायाशी बसला. ग्लेनिसनं त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि फाईल उघडली.

"घरात जिना आहे. टोपीवाला पुरुष आहे. समोर शाळा आहे. नियमानं मला हा कुत्रा तुम्हाला देता येत नाही, वेंडेल."

"अहो, आत्ता जिना उतरून आला की तो!"

"फायलीत तसं नाहीये."

वेंडेलचे कान लाल झाले. "ते सगळं मी रचलं होतं," तो एकदाचा म्हणाला. "यात एकही दुर्गुण नाही."

"तेव्हा खोटं बोललात, की आता कुत्रा हवाय म्हणून बोलताय?" ग्लेनिस लोर्नाकडे वळली. "लोर्ना, तू सहा वर्षं आमच्याकडे राबतेयस. तुझ्या शब्दावर मी ही पानं आत्ता फाडून टाकते. यांनी रचलं होतं का हे?"

वेंडेलनं बायकोकडे पाहिलं. इतक्या अजिजीनं त्यानं तिच्याकडे आजवर कधीच पाहिलं नव्हतं, लग्नाची मागणी घालतानासुद्धा नाही. टर्निपनं टोपी टाकली आणि हनुवटी तिच्या गुडघ्यावर ठेवली. लोर्नानं टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटानं सरळ केली.

"वेंडेल कधीच खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "गावात कुणालाही विचार."

रविवारी समुद्राकडच्या गावातून मार्जोलेन कॉर्मिये नावाची विधवा बाई आली. बैठं घर, मूलबाळ नाही, घरात पुरुष नाही. फायलीला अशीच बाई हवी होती. टर्निप कुणी न सांगता तिच्या गाडीत चढला. वेंडेल खिडकीशी वाकून सांगत राहिला, की त्याला उकडलेला बटाटा आवडतो, गडगडायला लागलं की त्याला जवळ घ्यावं लागतं. बाई "हो हो" करत होती. गाडी सुरू झाली, वळणावरून गेली. कुत्र्यानं मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर वेंडेल पुढ्यात येईल ते निमूट खाऊ लागला. लोर्नानं दोनदा मुद्दाम पाव कोरडा भाजला. तो चावत राहिला.

सहा आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं. लोर्नानं ते मोठ्यानं वाचलं.

"'टर्निपविषयी नोंदवलेला एकही दोष नव्या घरी आढळला नाही. शेजारची मुलं त्याच्याशी दिवसभर खेळतात, टोपीवाल्या दूधवाल्याचं तो शेपूट हलवून स्वागत करतो आणि दीपगृहाचा जिना रोज चढतो. यावरून समिती अशा निष्कर्षाला आली आहे, की दोष कुत्र्यात नव्हते, ते आपल्या घरातल्या तणावामुळे उद्भवले होते. सबब कुत्री सांभाळणाऱ्यांच्या यादीतून आपलं नाव कमी करत आहोत. सोबत पती-पत्नींना सल्ला देणाऱ्या एका बाईंचा पत्ता जोडला आहे.'"

"तणाव?" वेंडेल चकित होऊन म्हणाला. "आपल्या घरात? आपण तर एकमेकांशी बोलतसुद्धा नाही!"