पेटीतला एकुलता एक होकार

"अख्ख्या बेटातून एकच होकार?" डब्लिनहून आलेल्या प्रेंडरगास्टसाहेबांनी हातातला सोडा ब्रेड बशीत परत ठेवला. "मॅलकी, तुम्ही आपल्या पक्षाचे नगरसेवक ना इथले?"

मॅलकीच्या स्वयंपाकघरात त्याची बायको आणि आई कान टवकारून बसल्या होत्या. युरोपच्या नव्या कराराला देशानं परवाच सार्वमतात नकार दिला होता, आणि इनिशकोरा बेटानं तर दणदणीत. मतमोजणीच्या वेळी पक्षांची माणसं कठड्याला रेलून उभी असतात आणि प्रत्येक पेटी उघडताना कुठल्या गावानं काय दिलं ते टिपून घेतात. त्यामुळे इथे मत गुप्त असतं, पण गावाची अब्रू काही गुप्त राहत नाही. मॅलकी महिनाभर कराराच्या बाजूनं घसा फोडून बोलला होता. येत्या निवडणुकीत त्याला खासदारकीचं तिकीट द्यायचं की नाही, हे साहेब आज ठरवणार होते.

"एक तर एकच मत, आणि तेही तुमचंच," साहेब उसासा टाकत म्हणाले. "म्हणजे घरातल्या बायकांनीसुद्धा तुमचं ऐकलं नाही. असा माणूस मतदारसंघ काय सांभाळणार?"

नवऱ्याचा पडलेला चेहरा अट्रॅक्टाला बघवेना. "साहेब, तो होकार माझा!" ती म्हणून गेली. "ऐकते हो मी ह्याचं."

"तुझा?" सासूबाई, डीलिया, जपमाळ बाजूला ठेवून सरसावल्या. "काहीतरीच! पोटच्या पोरासाठी मी दिला तो. देवाच्या आईची शपथ!"

"मामी, शपथा कशाला घालता?"

"अहो, थांबा!" साहेबांनी कपाळ चोळलं. "होकार एक. तुम्ही दोघी. आणि मॅलकी तिसरे. हिशेब कसा लागायचा?"

मॅलकी चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसला. दोघींच्या मायेनं त्याची पुरती कोंडी झाली होती.

तेवढ्यात दार ढकलून कोलमन आत आला. करार नको म्हणून बेटावरच्या खांबाखांबावर पाट्या लावणारा तो हाच. टोपी हातात चुरगळत तो म्हणाला, "भांडण गल्लीपर्यंत ऐकू येतंय, म्हणून आलो. खरं सांगतो, तो होकार माझा आहे."

"तुझा?" घरची तिघंही एकदम ओरडली.

"मतदानाला आत गेलो, पेन्सिल हातात घेतली आणि जीव कळवळला. म्हटलं, मॅलकी इतका ओरडतोय, बिचाऱ्याला स्वतःच्या मताखेरीज आणखी एखादं तरी मिळू दे. आपण जिंकतोच आहोत..." बोलता बोलता तो थांबला. "पण मग होकार दोन निघायला हवे होते."

सगळ्यांच्या माना मॅलकीकडे वळल्या.

"त्याचं काय आहे," मॅलकी पुटपुटला, "तो करार मी तीनदा वाचला. बोलायला जमलं. होकारावर खूण करायला हात धजेना. आणि वाटलं, घरात दोन होकार आहेतच की!"

साहेब सावकाश खुर्ची वळवून कोलमनसमोर बसले. "विरोधकासाठी जीव कळवळणारा माणूस आमच्याकडे नाही हो एकही. तुम्ही निवडणुकीला उभे राहता का?"

कोलमनच्या हातून टोपी पडली. "मॅलकी, अरे, तू तरी सांग यांना काहीतरी!"

मॅलकीनं टोपी उचलून त्याच्या डोक्यावर नीट बसवली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटत होतं.

"साहेब, या माणसासाठी मी दारोदार फिरेन," तो म्हणाला. "मताचं मात्र विचारू नका."