संपतची कार्बाइन

लग्नात ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाच्या हातातली कट्यार न्याहाळून "पत्र्याची हाय!" असं मोठ्यानं सांगणारा माणूस तुमच्या शेजारी राहत नसेल, तर तुम्ही सुखी आहात. आमच्या शेजारी हवालदार तात्या राहत. फौजेत त्यांचं आयुष्य हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं आणि पेन्शनीत आल्यावर त्यांनी साऱ्या आंबेगाव तालुक्यातली नक्कल पकडायला घेतली. भीमाशंकरला मधवाल्याशी असे भांडले, की एसटी खोळंबली. "मध न्हाई राव, गुळाचं पानी हाय!" कंडक्टरनंही शेवटी बाटली हुंगून मान डोलावली. मला तात्यांचा भारी अभिमान होता. फक्त त्यांच्यासोबत प्रवास नको वाटायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावानं शाळेत काचेचं कपाट करायचं ठरवलं. तात्यांच्याच पलटणीतला आमच्या गावचा संपत फार वर्षांपूर्वी सीमेवर कामी आला होता, त्याच्या आठवणीसाठी. आत त्याच्याकडे असायची तसली जुनी फौजी कार्बाइन बंदूक ठेवायची. पुण्याच्या एका निवृत्त साहेबांनी अस्सल देऊ केली, रीतसर निकामी केलेली. पण सरपंचांनी आधीच मंचरहून फायबरची हुबेहूब करून आणली होती.

"तात्या, काचेमागं कोन वळखतंय?" सरपंच म्हणाले.

"मी वळखतो! संपतच्या नावाखाली खेळणं ठेवाल, तर मी शाळंची पायरी चढनार न्हाई."

अस्सलच ठेवायचं ठरलं. फायबरची कोपऱ्यात गेली. उद्घाटनाला तात्या छातीवर मेडलं लावून, मिशीला पीळ देऊन हजर.

अस्सल कपाटात ठेवायला ते वळले, तोच संपतची आई पुढं आली. वय झालेलं, पण मान ताठ.

"तात्या, माज्या लेकाची बंदूक एकदा हातात देतोस का रं? डोंगरात लई चालायला लागायचं म्हनं. खांद्याला भार व्हत असंल त्याच्या."

तात्या थबकले. हातातली अस्सल त्यांनी गुपचूप टेबलावर ठेवली, कोपऱ्यातली फायबरची आणली आणि म्हातारीच्या हातांत दिली.

"हीच व्हती, मावशे."

तिनं ती वर उचलून पाहिली. "अगं बया, हलकी हाय की! मला उगंच इतकी वर्सं घोर."

"कसला भार? पळायचा संपत. आमच्या समद्यांच्या म्होरं."

म्हातारी जमलेल्या गावाकडं वळली. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "ऐकलंत का? समद्यांच्या म्होरं!"

सरपंचांनी हळूच विचारलं, "मग आता कपाटात कोनची?"

"तिच्या हातात हाय ती," तात्या डोळे पुसत म्हणाले. "अन् कुलूप लावू नका. मावशीला परत उचलावीशी वाटंल."