मंगळवारच्या झोपेच्या सात पावत्या

सरकारी कागद माणसापेक्षा चिवट प्रवासी असतो. त्याला भूक लागत नाही, झोप येत नाही आणि नव्या गावाचा पत्ता विचारावा लागत नाही. हॅडली प्रुइटला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती पदवीधर होती. पण ओहायोतून शेजारच्या केंटकी राज्यात राहायला जाताना तिचा नवरा कोल्बी तिला म्हणाला होता, "अगं, नदीवरचा पूल ओलांडला की ओहायो संपलं. केंटकीवाल्यांना तिकडच्या पार्किंगच्या दंडाच्या पावत्यांशी काय करायचंय?" कोल्बीला कायद्याचं ज्ञान नव्हतं, पण आवाज ठाम होता. संसारात बहुतेक निर्णय असेच होतात.

पावत्या सात होत्या. सगळ्या मंगळवारच्या. मंगळवारी दहा वाजता हॅडली आपल्या आठ महिन्यांच्या एलॉइझला तान्ह्या मुलांच्या संगीतवर्गाला नेत असे (ज्या बाळाला अजून उभं राहता येत नाही, त्याला ताल आलाच पाहिजे). वर्ग सुटला की बाळ गाडीत झोपे. आणि नेमक्या त्याच रस्त्यावर मंगळवारी अकरा ते एक झाडू मारणारं यंत्र येई, म्हणून गाड्यांना मनाई. हॅडलीने पाटी वाचली होती. तिने बाळाच्या कारसीटची माहितीपुस्तिकाही दोनदा वाचली होती. पण इंजिन सुरू केलं तर बाळ उठेल, उठलं तर दुपार बिघडेल, दुपार बिघडली तर रात्र, आणि तशा रात्रींमुळे मुलांच्या मेंदूचं काय होतं यावर तिने तीन लेख वाचले होते. सबब ती गाडीतच बसून राही.

पावती फाडणारा अधिकारी काचेशी आला की ती ओठांवर बोट ठेवी. तो सभ्य गृहस्थ होता. वायपर अलगद उचलून पावती ठेवी आणि चवड्यांवर चालत निघून जाई. पुढे पुढे ती जुनी पावती काचेवर तशीच ठेवू लागली, म्हणजे आधीच दंड झालाय असं त्याला वाटावं. त्याला तसं वाटलं नाही.

पण हॅडली निष्काळजी नव्हती. बाळाची प्रत्येक झोप ती फोनमध्ये नोंदवत असे. सात मंगळवारांची झोप पाचशे पंचवीस मिनिटं. उशिराचा आकार धरून दंड सहाशे तीस डॉलर. म्हणजे मिनिटाला एक डॉलर वीस सेंट. (बाळं झोपवायला शिकवणाऱ्या सल्लागारबाई याहून जास्त घेतात, आणि झोपेची हमी देत नाहीत.)

तर गुरुवारी ती केंटकीच्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीसमोर उभी राहिली. ओहायोचं लायसन्स शुक्रवारी संपत होतं. सोमवारी नवी नोकरी, बाळाचं पाळणाघर घरापासून अकरा मैलांवर, आणि त्या रस्त्याला बस नाही. कडेवर एलॉइझ, हातात रंगीत खुणांची फाईल: एकूण एकेचाळीस कागद, त्यात बाळाच्या लशींचा तक्ता (कुणी मागितला नव्हता). पावत्या तेवढ्या नव्हत्या.

खिडकीमागे, छातीवरच्या नावाच्या पट्टीनुसार, मिस वर्नेटा होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"पोरी, ओहायोने तुझं लायसन्स एप्रिलपासून थांबवलंय. पार्किंगचा दंड भरला नाहीस म्हणे."

"पण ते ओहायोत होतं, मिस वर्नेटा."

"हो ना. आणि त्यांनी आम्हाला कळवलंय. शेजारीच आहेत आमचे." मग सौम्यपणे, "आज इथवर गाडी कुणी आणली?"

हॅडलीने एलॉइझकडे पाहिलं. एलॉइझने नजर चुकवली.

"चावी ठेव इथे," मिस वर्नेटा म्हणाल्या. "फोनवरून भर. लायसन्सवरची बंदी उठेपर्यंत बस त्या खुर्चीवर. केळं आहे का लेकरासाठी?"

केळं होतं. दोन होती, आणि तिसरं राखीव. हॅडलीने दंड भरला, तासभर बसली, फोटो काढून घेतला (चेहरा पुरेसा दोषी आला होता), आणि नव्या लायसन्ससह चावी परत मिळवली. सोमवार वाचला होता. कोल्बीला तिने कळवलं, 'पूल छोटा निघाला.' आणि मिस वर्नेटांसमोर शपथ घेतली की यापुढे प्रत्येक पाटी नीट वाचीन.

"वाचतात सगळेच," त्या म्हणाल्या.

गाडीत पट्टा लावेपर्यंत एलॉइझ झोपली होती. समोर पाटी होती: 'फक्त कामासाठी आलेल्यांकरता. काम संपताच जागा सोडावी.' काम संपलं होतं. हॅडलीने चावीला हात लावला. आरशातून मागे पाहिलं. बाळाच्या पापण्या हलल्या. तिने हात काढून घेतला.

वीस मिनिटांनी वर्दीतला माणूस वही काढत जवळ आला. हॅडलीने ओठांवर बोट ठेवलं. त्याने समजून मान डोलावली आणि वायपर अलगद उचलला.

या बाईने काही शिकावं, असं ज्या वाचकांना वाटतं, त्यांचं खरंच आहे. त्यांनी आता उठून आपल्या फ्रिजवरचं ते बंद सरकारी पाकीट उघडावं. कोणतं, हे त्यांना विचारावं लागणार नाही.