मामाचे निळे ओठ

मामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याचा सगळा सूर पुढच्या एका बसवलेल्या दातावर टेकलेला होता. नेमका त्याच दाताच्या हिरडीत पू झाला. दात काढावा लागला की वाजवणं संपलं.

"आधी उजेडाने बघू," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिरडीत निळं औषध भरायचं, वर लाल उजेड मारायचा. जंतू जागच्या जागी मरतात."

"मारा. दिव्याला कोण घाबरतंय?"

काम फक्कड झालं. फक्त औषध ओठांवर पसरलं.

"जाईल तो रंग. संध्याकाळपर्यंत चूळ तेवढी भरू नका."

चूळ नाही म्हणजे तोंड उघडायचंच नाही, असं मामाने परस्पर ठरवून टाकलं. घरी येऊन खुर्चीत मान मागे टाकून पडला. मामीने ते ओठ बघितले आणि तिच्या हातातला ग्लासच पडला.

"अहो, काय होतंय?"

मामाने नुसता हात हलवला. मामीला वाटलं, वाचा गेली. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

ॲम्ब्युलन्सवाल्याने मामाच्या बोटाला चिमटा लावला. "ऑक्सिजन तर मस्त आहे."

"मशीन बघताय की माणूस? शाई प्यायल्यासारखे ओठ झालेत."

ओठ बघून तोही टरकला. त्याने नाकाला नळी लावली. मामाने उपटली.

"भ्रम झालाय त्यांना. बांधा," मामी म्हणाली. मामाला पट्ट्यांनी बांधलं.

वाटेत मामीचा धीर सुटला. "वाजवायला बसलात की मी गच्चीत हाकलायचे. काल तर गच्चीलाही कुलूप घातलं. फक्त बरे व्हा. हॉलमध्ये वाजवा, पहाटे वाजवा, मी हूं की चूं करणार नाही."

मामा तोंड उघडणार होता, तो थांबला. त्याने एक डोळा किलकिला केला, परत मिटला.

"नवीन क्लॅरिनेटही घ्या."

मामाने क्षीणपणे मान हलवली.

हॉस्पिटलात नर्सने ओला कापूस फिरवला. कापूस निळा, ओठ गुलाबी. मामीने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"औषधाचा रंग आहे तो," बाई म्हणाल्या. "दात वाचेल त्यांचा, काळजी नको."

"मग हे बोलत का नाहीत?"

"मी फक्त चूळ भरू नका म्हटलं. बोलायला कोण अडवतंय?"

मामीने फोन ठेवला आणि मामाकडे बघितलं. मामाने छताकडे बघितलं.

"पट्टे सोडू ना?" नर्सने विचारलं.

"राहू द्या जरा," मामी खुर्ची ओढून बसली. "वाजवायचं कुठे, ते आधी ठरू दे."